साहेबांना ऐकू येत नव्हतं

नागपुरात पक्षी बघणाऱ्या जुन्या लोकांमध्ये माझ्याबद्दल एक गोष्ट अजून सांगितली जाते. तारघरात नोकरी करणाऱ्या एका पोरानं चारचौघांत एका ज्ञानी, वयस्कर माणसाचा पाणउतारा केला. त्या माणसानं त्याच दिवशी दुर्बीण कपाटात ठेवली आणि मरेपर्यंत पुन्हा रान बघितलं नाही. तो पोरगा मी, आणि तो माणूस म्हणजे आमचे साहेब. आज माझं वय त्या माणसाच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे आणि गोष्ट सांगणारे बहुतेक गेले. जे उरलेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

दुर्बीण कपाटात गेली, एवढं खरं आहे. पाणउतारा केला हे खोटं, आणि रान सुटलं हे तर साफ खोटं. माझ्या मनावर ओझं आहे, ते मी नाकारत नाही. पण तुम्ही समजता त्या गोष्टीचं ते ओझं नाही. त्या दिवशी अंबाझरीच्या नाल्यात मी जे बोललो ते आज पुन्हा बोलेन, त्याच शब्दांत बोलेन.

आधी पक्ष्याबद्दल सांगावं लागेल, कारण भांडण एका पक्ष्यावरून झालं.

पावसाळा संपता संपता आमच्याकडे उत्तरेकडून वटवटे येतात. चिमणीहून लहान, पाठ शेवाळी, पोट मळक्या पांढऱ्या रंगाचं, डोळ्यावर फिकट भुवई. त्यांचे पाच-सहा प्रकार आहेत आणि सगळे एका साच्यातून काढल्यासारखे दिसतात. झाडाच्या शेंड्याला, पानांच्या आड, एका जागी क्षणभर थांबतील तर शपथ. मान दुखेपर्यंत वर बघावं आणि हाती काय लागावं, तर एक हलणारं पान. हिरवट वटवट्या हिवाळाभर राहतो. मोठ्या चोचीचा वटवट्या मात्र दक्षिणेकडे जाताना थोडे दिवस आपल्याकडे टेकतो आणि पुढे जातो. नाव मोठ्या चोचीचा, पण ती चोच मोठी आहे हे पक्षी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पूर्वीचे लोक छर्‍याच्या बंदुकीनं पाडून हातात घेत. आमच्या साहेबांनी ते कधीच सोडलं होतं. मग राहिला फक्त आवाज. हिरवट वटवट्याच्या आवाजात दोन सूर असतात, पण एकमेकांत घुसलेले, घाईघाईत बोलल्यासारखे. मोठ्या चोचीचा तेच दोन सूर सुटे सुटे काढतो. मध्ये जागा ठेवतो आणि दुसरा सूर वर चढवतो. एकदा कानात बसला की चुकत नाही.

मी तारघरात होतो. दिवसभर यंत्राची कट्टकट्ट ऐकायची आणि शब्द लिहायचे. दोन ठोक्यांमधली जागा ऐकणं हा माझा धंदाच होता. पण म्हणून मी कोणी मोठा लागून गेलो नव्हतो. तो आवाज आमच्यातल्या सगळ्यांना ऐकू यायचा. मुद्दा तोच आहे.

आमच्यातले म्हणजे मुख्यतः चौघे. रविवारी सकाळी सायकली काढून अंबाझरीच्या मागच्या नाल्यात, नाहीतर गोरेवाड्याकडे जायचो. साहेब वनखात्यातून निवृत्त झालेले. एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. एक सीताबर्डीतल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, त्यांना सगळे शेठ म्हणत. आणि मी, वयानं सगळ्यांत लहान. कधी कॉलेजची दोन-चार मुलंही यायची.

साहेबांनीच मला आणलं होतं. तार द्यायला ते खिडकीशी आले होते, तेव्हा बाहेरच्या निंबावर काहीतरी बोललं आणि मी लिहिता लिहिता वर बघितलं. त्यांनी विचारलं, "ऐकलंस?" मी म्हणालो, "रोज ऐकतो, पण कोण आहे ते माहीत नाही." पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःची दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. थर्मासमधला चहा आधी मला दिला आणि मग त्याच झाकणातून स्वतः प्यायले. आम्ही इंदोऱ्याचे, माझ्या लहानपणीच घरानं धम्म घेतला होता. कोणाच्या घरी कोणत्या कपात चहा मिळतो, हे मला चांगलं माहीत होतं. साहेबांच्या त्या झाकणाची मला किंमत होती. ती मला कोणी शिकवायची गरज नव्हती, आणि नंतर ज्यांनी "उपकार विसरला" म्हणून शिकवायचा प्रयत्न केला, त्यांच्यातल्या किती जणांच्या घरी मी चहा प्यायलो ते त्यांनी आठवून बघावं.

वटवट्यांचं सगळं मला साहेबांनी शिकवलं. भुवई कुठून कुठपर्यंत जाते, पंखावर पट्टी आहे की झिजून गेली आहे, पक्षी फांदीच्या बाहेरच्या टोकाला चरतो की आत. त्यांच्याइतका डोळा मी पुन्हा कोणाचा बघितला नाही.

कान गेले ते हळूहळू गेले. भारद्वाज, मोर, कोकीळ, सगळं त्यांना ऐकू यायचं. माणसांचं बोलणंही बरंचसं. वरचे बारीक सूर तेवढे गेले, आणि वटवटे नेमके तिथेच बोलतात. आम्हाला कळलं ते त्यांना कळायच्या कितीतरी आधी. डोक्यावर पक्षी ओरडत असायचा आणि साहेब म्हणायचे, "गप्प आहे. हिरवट असावा." प्राध्यापक म्हणायचे, "हो साहेब." शेठ म्हणायचे, "हो साहेब." मीही म्हणायचो. दोन हिवाळे मी ते म्हणत होतो, हेही लिहून ठेवतो. हळूहळू ती रीतच पडली. साहेबांनी मान वर केली की आम्ही कान बंद करायचे. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसाला असं काही सांगायचं नसतं, एवढं प्रत्येकाला आपापल्या घरून माहीत होतं.

साहेबांच्या बाजूनं ते कसं दिसत होतं, याचा विचार आमच्यापैकी एकानंही केला नाही. त्यांच्या दृष्टीनं वटवटे गप्प झाले होते. आधी आवाज कमी झाले, मग नाल्यातून जवळजवळ नाहीसेच झाले. आवाज नाही म्हणजे पक्षी नाही. शेंड्यावरचा वटवट्या आधी ऐकतात आणि मग शोधतात, तेव्हा जे ऐकूच आलं नाही ते त्यांना दिसलंही नाही. साहेबांनी कारण शोधायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, संत्र्याच्या बागांवर औषधाची फवारणी वाढली, किडे मेले, म्हणून हे पक्षी उपाशी राहून संपत चालले. ते कळमेश्वरकडच्या बागांमध्ये स्वतः जाऊन आले. बागवाल्यांशी बोलले. मग त्यांनी ठरवलं, यावर भाषण द्यायचं. सभागृह ठरलं, बाहेरगावाहून जाणते लोक यायचे होते. त्यांच्यातले काही आदल्या दिवशी आमच्याबरोबर नाल्यातही येणार होते.

मी शेठच्या दुकानात गेलो. ते काचा पुसत होते.

"शेठ, साहेब भाषण देणार आहेत. नागपूरचे वटवटे संपले म्हणून."

"माहीत आहे गा मले. खुर्च्या मीच सांगून राहिलो."

"बाहेरचे लोक नाल्यात येतील. त्यांच्या डोक्यावर चाळीस पक्षी ओरडत असतील. आणि साहेब म्हणतील, बघा, एकही नाही."

शेठनी काच उजेडात धरून बघितली. "मंग? हे कोन सांगन त्याईले? तू?"

"तुम्ही सांगा. तुम्ही वयानं मोठे आहात."

"मी चष्मे विकतो बाबू. कानाचं दुकान दुसरीकडे आहे." स्वतःच्याच विनोदावर ते हसले, मग मला हसताना न बघून चिडले. "म्हाताऱ्या मानसाचं मन काहून मोडतं? बोलू दे. लोक ऐकतीन, टाळ्या देतीन, घरी जातीन."

"हसतील."

"तोंडावर नाही हसत कोनी."

प्राध्यापकांकडेही गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, आणि म्हणाले की विषय नाजूक आहे, योग्य वेळ बघून बोलता येईल. भाषण पुढच्या पंधरवड्यात होतं. ती योग्य वेळ कोणती, हे मी विचारलं, तर त्यांनी मला लाडू दिला.

साहेबांना एकटं गाठून सांगावं, असं मला वाटलं होतं. आजवर प्रत्येकानं मला हेच विचारलं आहे, एकट्यात का नाही सांगितलंस? मी गेलो होतो. त्यांच्या घरी, संध्याकाळी. बाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, समोर बसून भाजी निवडत होत्या. साहेब भाषणाबद्दल बोलत होते आणि वीस वर्षांनी लहान झाले होते. "इतकी वर्षं बघण्याचा काहीतरी उपयोग झाला," असं ते म्हणाले. मी चहा पिऊन परत आलो. तेव्हा हिंमत नव्हती. हवं तर त्याचा दोष मला द्या.

मग तो रविवार आला. ऑक्टोबरची सकाळ, नाल्याला अजून पाणी, आणि काठानं कहूची, म्हणजे अर्जुनाची, उंच झाडं. कॉलेजची तीन मुलं आली होती. कहूच्या आतल्या फांदीवर साहेबांना एक वटवट्या दिसला. तो त्यांना दिसला कसा, याचं मला आजही नवल वाटतं. आम्ही सगळे आवाजाच्या दिशेनं बघत होतो म्हणून आम्हाला सापडला. त्यांनी नुसत्या डोळ्यांनी शोधला.

"हिरवट," साहेब म्हणाले. मग मुलांकडे वळले. "बघा, आणि हाही गप्प. पूर्वी या दिवसांत हा नाला नुसता वाजत असायचा."

पक्षी त्याच वेळी ओरडत होता. दोन सुटे सूर, मध्ये जागा, दुसरा वर. पुन्हा. पुन्हा. इतका जवळ की एका पोरानं नकळत बोट वर केलं आणि प्राध्यापकांनी त्याच्याकडे बघताच खाली घेतलं. त्या पोराचं ते खाली आलेलं बोट बघितलं आणि माझं डोकं फिरलं. ही रीत आता त्यालाही शिकवली गेली होती.

मी म्हणालो, "साहेब, तो बोलतोय."

"कुठे?"

"आत्ता. तोच. हिरवट नाही तो. मोठ्या चोचीचा आहे."

साहेबांनी ऐकायचा प्रयत्न केला. मान थोडी कलती करून, तोंड जरा उघडं ठेवून. मग त्यांनी बाकीच्यांना विचारलं, "तुम्हाला काही ऐकू येतंय?"

कोणी बोललं नाही. पक्षी तेवढा बोलत होता.

"नाही साहेब," प्राध्यापक म्हणाले. "मलाही काही नाही."

शेठ म्हणाले, "वारा आहे साहेब."

वारा नव्हता. तेव्हा मी जे बोललो ते असं होतं: "साहेब, हे खोटं बोलताहेत. ह्यांना ऐकू येतंय. आम्हाला सगळ्यांना येतं. तुम्हाला येत नाही."

एवढंच. त्यात एकही अपशब्द नाही. आवाज चढला होता, हे कबूल. मंडळींनी नंतर त्याला "बहिरे म्हणाला", "थेरडा म्हणाला" असं बरंच काही चिकटवलं. तीन मुलं हजर होती, त्यातलं कोणी हयात असेल तर विचारून घ्या.

साहेबांचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांचा डावा हात धरला आणि म्हणालो, "दुर्बिणीतून त्याची चोच बघा. मी सांगतो तेव्हा." त्यांनी उजव्या हातानं दुर्बीण डोळ्यांना लावली. पक्षी ओरडला की मी त्यांच्या मनगटावर बोटानं टक-टक करायचो, जशी यंत्रावर तार पाठवतात तशी. दोन ठोके, मध्ये जागा. थांबलो. पुन्हा दोन ठोके. पक्षी फांदी बदलून खाली आला, तरी त्यांनी त्याला सोडलं नाही. पुन्हा दोन ठोके.

बऱ्याच वेळानं साहेब म्हणाले, "चोच उघडतेय."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. प्राध्यापकांकडे बघितलं, शेठकडे बघितलं. विचारलं, "कधीपासून?"

साहेब सायकलीकडे चालू लागले. मी मागे जायला लागलो तर शेठनी माझी कॉलर धरली. "काहून गा? समाधान झालं? ज्या मानसानं तुले हाताले धरून आनलं, त्याच्याच..." पुढे ते बोलले नाहीत. मुलं ऐकत होती.

भाषण रद्द झालं. प्रकृतीचं कारण सांगितलं गेलं. बाहेरचे लोक आले नाहीत, कोणी हसलं नाही. ज्याच्या शब्दावर नागपुरातला प्रत्येक पक्षी बघणारा डोळे मिटून विश्वास ठेवायचा, त्याचं नाव शाबूत राहिलं. हे कोणामुळे, ते मंडळींनी कधी मोजलं नाही. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी साहेबांच्या घरी गेलो तर बाईंनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, "दुर्बीण कपाटात ठेवली त्यांनी. आता अजून काय सांगायचं राहिलंय?" आणि दार लावलं.

घरी आईनं विचारलं, "खोटं बोलला का तू?"

"नाही."

"मंग मान खाली घालून काहून बसला? जेव."

दिवाळी होऊन गेल्यावर साहेब तारघरात आले. खिडकीशी उभे राहिले. हातात तारेचा कागद नव्हता.

"रविवारी मोकळा आहेस?"

मी मान हलवली.

"तुझ्याकडे दुर्बीण आहे?"

"कामठीच्या लष्करी लिलावातली आहे. एका बाजूनं जरा धूसर दिसतं."

"चालेल. मंडळींना सांगू नकोस. त्यांना कळलं तर ते येतील, आणि पुन्हा हो साहेब, हो साहेब करतील." मग म्हणाले, "घरीही नको. ती काळजी करत बसेल. वरून तिच्याकडून मंडळींत बोललं जाईल."

दोन हिवाळे आम्ही दोघं हिंडलो. अंबाझरीला कधी नाही. बसनं कुहीकडे जायचो, धानाच्या बांध्यांमधून, तळ्यांच्या काठानं, जिथे आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. बाईंना ते सांगायचे, जुन्या रेंजरकडे जातो. मी ऐकायचो, ते बघायचे. पक्षी बोलला की मी त्यांच्या मनगटावर ठोके द्यायचो आणि दिशा दाखवायचो. पहिल्या महिन्यातच त्यांनी ठोक्यांवरून पक्षी सांगायला सुरुवात केली. चुकीचा ठोका दिला तर मलाच रागवायचे. "हा असा नाही बोलत. नीट ऐक जरा, बहिरा आहेस का?" आणि मोठ्यानं हसायचे. बांधावरच्या बाया वळून बघायच्या. तिथं ते मला सुखात दिसले. त्यापेक्षा मोठा शब्द वापरायची गरज नाही.

नाल्यातल्या त्या सकाळबद्दल ते एकदाच बोलले. एका तळ्याच्या पाळीवर भाकरी खाताना म्हणाले, "मी बागवाल्यांना जाऊन शिव्या घालून आलो रे. त्यांनी काय घोडं मारलं होतं माझं?" मग म्हणाले, "तू दोन वर्षं उशीर केलास." बस. त्या दोन वर्षांबद्दल त्यांनी मला बोल लावला, त्या एका वाक्याबद्दल कधीच नाही.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ते गेले. हृदयाचा झटका, घरीच. मी गेलो तेव्हा बैठक माणसांनी भरली होती. प्राध्यापक बोलत होते, की एखाद्या शब्दानंही माणूस आतून खचतो. बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणून सगळ्यांनीच बघितलं. मी उभा राहिलो. मग बाई आतून आल्या. त्यांनी मला सरळ विचारलं, सगळ्यांसमोर:

"तुमच्यामुळे त्यांचं रान सुटलं. खरं की नाही?"

मी काय सांगणार होतो? की नाही बाई, सुटलं नव्हतं, ते दोन वर्षं तुम्हाला खोटं सांगून माझ्याबरोबर हिंडत होते? नवरा जाऊन दोन दिवस नाही झाले त्या बाईला, भरल्या घरात? मी म्हणालो, "हो."

माझं ओझं ते आहे. नाल्यातलं वाक्य नाही, हा "हो" आहे. नुसता मंडळींपुढे मी गप्प राहिलो असतो तर वेगळं. पण बाईंना खरं हवं होतं, आणि मी त्यांना बरं वाटेल ते दिलं. तेही बरं वाटलं नाहीच. आपला नवरा शेवटची दोन वर्षं मन मारून कुढत होता असं समजून त्या पुढे कितीतरी वर्षं जगल्या. मी त्यांच्या घरावरून सायकलनं जायचो आणि थांबायचो नाही. आज नको, वर्ष होऊ दे, त्यांच्या मुलीचं लग्न होऊ दे, असं करत राहिलो. मग त्या गेल्या.

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीकडे गेलो. तिचेही केस पांढरे झालेत. दार उघडल्यावर तिनं मला ओळखलं आणि आत या म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं, कुहीचे बांध, ठोके, भाकरी, रेंजर. ती मध्येच म्हणाली, "कुठला रेंजर? बाबांचा तो रेंजर तर आधीच वारला होता. आईला माहीत होतं ते."

मी म्हणालो, "मग त्यांनी कधी विचारलं नाही?"

"नाही विचारलं. मला वाटायचं, आईला बाबांचा राग होता. कुठं जातात ते सांगत नाहीत म्हणून. तुमच्यापेक्षा बाबांचाच जास्त."

हे माझ्या हिशेबात कुठंच नव्हतं. त्यानं माझं ओझं हलकं झालं नाही. उलट बाईंनी त्या बैठकीत मला का विचारलं, हे तेव्हा समजलं. त्या दोष देत नव्हत्या. ते कुठं जात होते, ते त्यांना माझ्याकडून हवं होतं.

मुलीनं मला आत बसवलं. पाणी दिलं. शेवटी म्हणाली, "काका, तुम्ही हे कुठं लिहू नका. प्राध्यापकांची माणसं अजून आहेत, शेठची नातवंडं आहेत, आणि आईबाबांचंही कशाला?"

मी तिला सांगितलं, मी लिहिणार आहे.